अमेरिकेची यादवी आणि गुलामगिरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या यादवीबद्दल (१८६१ ते १८६५) बोलणं निघालं की साधारण तेच ते प्रश्न पुढे येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. भर युद्धापेक्षा त्याआधीच्या चाळीसेक वर्षांवर आहे. गेटिसबर्गच्या लढाईत कोणती तुकडी कुठे उभी होती, हे इथे सापडणार नाही.

युद्ध गुलामगिरीवरून झालं की राज्यांच्या हक्कांवरून?

गुलामगिरीवरून. हे कुणा उत्तरेकडच्या इतिहासकाराचं मत नाही, फुटून निघालेल्या राज्यांनीच ते लिहून ठेवलं आहे. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची त्यांना गरज वाटली नव्हती. आपण संघराज्य का सोडतो आहोत हे सांगणाऱ्या मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच म्हटलंय की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे. फुटलेल्या राज्यांनी मिळून स्थापलेल्या नव्या 'कॉन्फेडरेट' सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना इथल्या भाषणात सांगितलं की आमच्या सरकारची कोनशिलाच मुळी या 'सत्या'वर बसवली आहे: काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी ही त्याची नैसर्गिक अवस्था आहे.

राज्यांचे हक्क हा मुद्दा बोलण्यात होता, पण सोयीपुरता. साउथ कॅरोलिनाचा डिसेंबर १८६०चा जाहीरनामा नीट वाचला तर गंमत कळते. त्यातली मोठी तक्रार अशी की उत्तरेकडची राज्यं स्वतःचे कायदे करून फरारी गुलाम परत देत नाहीत, आणि न्यूयॉर्कमधून गुलामाला नुसतं घेऊन जाण्याचा हक्कही तिथली न्यायालयं मान्य करत नाहीत. म्हणजे उत्तरेकडची राज्यं आपले हक्क बजावत होती, हेच दुखणं होतं. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने फरारी गुलामांचा केंद्रीय कायदा घटनाबाह्य ठरवला, तेव्हा केंद्राच्या अधिकाराची बाजू दक्षिणेने उचलून धरली. पुढे कॉन्फेडरसीने आपली राज्यघटना लिहिली, तिच्यात गुलामांवरच्या मालकीहक्काला धक्का लावणारा कायदा करायला स्पष्ट मनाई होती.

सुरुवातीला तर गुलाम सगळीकडेच होते ना? मग उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे पडले कसे?

होते. १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला तेव्हा तेराही वसाहतींत गुलामगिरी कायदेशीर होती. उत्तरेत ती हळूहळू मोडत गेली. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये टप्प्याटप्प्याने मुक्तीचा कायदा केला. न्यूयॉर्कने १७९९ मध्ये केला, आणि तिथली गुलामगिरी पूर्ण संपायला १८२७ उजाडलं. दक्षिणेतही ही प्रथा आपोआप विझेल असं त्या पिढीतल्या बऱ्याच जणांना वाटत होतं. तंबाखूने जमिनी थकल्या होत्या.

मग आला कापूस. समुद्रापासून आत पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसात सरकी घट्ट चिकटलेली असते, आणि ती हाताने काढायची तर माणसाचा दिवस जाऊन जेमतेम पौंडभर रुई हाती लागायची. १७९३ मध्ये एलाय व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र बनवलं. आपल्या विदर्भातल्या जिनिंग फॅक्टऱ्या हेच सरकी काढायचं काम करतात. सरकीची अडचण गेली, पण कापूस वेचायचा हातानेच होता. तिकडे मँचेस्टरच्या गिरण्यांना कितीही रुई दिली तरी पुरत नव्हती. मग अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना इथल्या नव्या जमिनी धडाधड लागवडीखाली आल्या. १७९० मध्ये सुमारे सात लाख असलेले गुलाम १८६० मध्ये साडेएकोणचाळीस लाखांवर गेले. आफ्रिकेतून गुलाम आणायला १८०८ पासून बंदी होती, त्यामुळे माणसांचा बाजार देशातल्या देशात भरू लागला. व्हर्जिनिया, मेरीलँडसारख्या जुन्या राज्यांतून खालच्या कापूसपट्ट्यात सुमारे दहा लाख माणसं हलवली गेली. कुणी विकली गेली, कुणाला मालक सोबत घेऊन गेले. नवरा एका मळ्यावर, बायको शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या मळ्यावर आणि मुलं न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात, हे नेहमीचंच झालं होतं.

१८६० पर्यंत अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा होता. गुलाम माणसांची बाजारातली 'किंमत' देशातले सगळे लोहमार्ग आणि कारखाने मिळून होईल त्याहून मोठी होती. एवढी पुंजी अडकलेली असताना कोण कशाला ती हातची सोडेल?

राज्यघटना लिहिताना या प्रश्नाचा निकाल का लावला नाही?

लावला असता तर राज्यघटनाच झाली नसती. १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला जमलेल्या मंडळींनी घोंगडं भिजत ठेवलं. मूळ घटनेत 'गुलाम' हा शब्द कुठेही नाही. 'इतर व्यक्ती' वगैरे आडवळणं आहेत. पण तरतुदी तीन होत्या: गुलामांचा समुद्रापारचा व्यापार १८०८ पर्यंत बंद करता येणार नाही, फरारी गुलाम परत द्यावा लागेल, आणि लोकसंख्या मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची.

यातल्या शेवटच्या तरतुदीने खरं राजकारण घडवलं. गुलामाला मत नव्हतं, पण त्याच्या डोक्यामागे मालकाच्या राज्याला काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, प्रतिनिधीगृहात जास्त जागा मिळायच्या आणि अध्यक्षाच्या निवडणुकीत जास्त वजन मिळायचं. १७८९ ते १८६१ या बहात्तर वर्षांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश काळ अध्यक्षपदावर दक्षिणेतला गुलाममालक होता. दक्षिण म्हणजे कोपऱ्यात बसून अन्याय सोसणारा प्रदेश, अशी जी प्रतिमा नंतर रंगवली गेली, ती या आकड्यापुढे टिकत नाही. सत्ता त्यांच्याकडेच होती, आणि ती निसटते आहे हे दिसू लागलं तेव्हा ते बिथरले.

दक्षिणेतले सगळेच गोरे गुलाम बाळगत होते का?

नाही. गुलामगिरी असलेल्या सगळ्या राज्यांचा मिळून विचार केला तर साधारण चौथ्या हिश्श्याच्या गोऱ्या कुटुंबांकडे गुलाम होते. मात्र साउथ कॅरोलिना आणि मिसिसिपीत हे प्रमाण निम्म्याच्या जवळ जातं, आणि या दोन राज्यांत एकूण लोकसंख्येत निम्म्याहून जास्त माणसं गुलाम होती. सर्वांत आधी फुटून निघालेली राज्यंही हीच दोन. योगायोग नाही.

मग ज्याच्याकडे एकही गुलाम नाही तो गरीब गोरा शेतकरी या भांडणात का उतरला? उद्या चार पैसे जमले की आपणही एखादा गुलाम विकत घेऊ, ही आशा होती. मळेवाल्याकडून उसनवारी होती, नातीगोती होती. आणि गरिबीतही एक मोठेपणा त्याला फुकट मिळत होता: तो गोरा होता. कितीही खाली असला तरी त्याच्या खाली कुणीतरी होतं. जातीच्या उतरंडीत राहणाऱ्या मराठी वाचकाला हे फार फोड करून सांगावं लागू नये.

उत्तरेकडचे लोक गुलामगिरीच्या विरोधात होते, असं म्हणता येईल?

सरसकट नाही. न्यूयॉर्कच्या पेढ्या मळेवाल्यांना कर्ज द्यायच्या, विमा उतरवायच्या, कापूस जहाजांवर चढवायच्या. मॅसेच्युसेट्सच्या गिरण्या तोच कापूस विणायच्या. लिंकनच्या इलिनॉय राज्याने १८५३ मध्ये कृष्णवर्णीयांनी राज्यात येऊन राहू नये असा कायदाच केला. गुलामगिरी ताबडतोब बंद करा म्हणणारे मूठभर होते. १८३१ पासून बोस्टनमधून गुलामगिरीविरोधी वृत्तपत्र चालवणाऱ्या विल्यम लॉइड गॅरिसनला १८३५ मध्ये त्याच बोस्टनच्या जमावाने दोरीला बांधून रस्त्यातून ओढलं. इलिनॉयमधल्या ऑल्टन इथे १८३७ मध्ये एलायजा लव्हजॉय हा संपादक आपला छापखाना वाचवताना मारला गेला.

बहुसंख्य उत्तरेकडच्यांचं म्हणणं वेगळं होतं: नव्या जमिनींवर गुलामगिरी नको. कारण मळेवाला आपले शंभर गुलाम घेऊन शेजारी आला की स्वतः राबणाऱ्या शेतकऱ्याचं काय होणार? गुलामाच्या दुःखाशी याचा संबंध थोडाच होता. पण हा स्वार्थ आणि मूठभरांची नैतिकता एकत्र आली, आणि त्यातून बहुमत तयार झालं.

नव्या प्रदेशांवरून एवढं भांडण का? तिथे तर वस्तीही नव्हती.

मूळ रहिवासी होते, त्यांचा विचार दोन्ही बाजूंनी केला नाही. बाकी, खरं घोडं पेंड खात होतं ते इथेच. नवा प्रदेश म्हणजे उद्याचं राज्य, आणि राज्य म्हणजे सिनेट या संसदेच्या दुसऱ्या सभागृहातल्या दोन जागा. प्रतिनिधीगृहात उत्तर लोकसंख्येच्या जोरावर पुढे गेली होती, त्यामुळे दक्षिणेची भिस्त सिनेटवर होती. तिथे बरोबरी टिकवायची तर एकीकडचं एक राज्य आलं की दुसरीकडचंही आलं पाहिजे.

१८२० मध्ये मिसुरीचा प्रश्न आला तेव्हा अकरा-अकरा अशी बरोबरी होती. तोड निघाली: मिसुरी गुलामगिरीसह, जोडीला मेन हे नवं राज्य गुलामगिरीविना, आणि पश्चिमेकडच्या उरलेल्या लुइझियाना प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी नाही. म्हातारा थॉमस जेफरसन हे ऐकून दचकला. रात्री आगीची घंटा वाजावी तसा हा प्रश्न आपल्याला दहशत घालून गेला, असं त्याने एका पत्रात लिहिलं. जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचा मालक होता हेही इथे लक्षात ठेवायचं.

ती तोड पंचवीसेक वर्षं टिकली. मग टेक्सास आला (१८४५), आणि मेक्सिकोशी युद्ध होऊन (१८४६ ते १८४८) कॅलिफोर्नियापर्यंतचा मुलूख हाती आला. या मुलखात गुलामगिरी नको असा ठराव डेव्हिड विल्मॉट या प्रतिनिधीने १८४६ मध्येच मांडला. तो मंजूर झाला नाही, पण मतदानाकडे पाहून शहाण्यांच्या पोटात गोळा आला. सभासदांनी पक्ष सोडून प्रदेशाप्रमाणे मतं दिली होती. १८५० मध्ये पुन्हा एक मोठा समझोता झाला: कॅलिफोर्निया गुलामगिरीविना, वॉशिंग्टनमध्ये गुलामांचा बाजार बंद, आणि दक्षिणेच्या पदरात फरारी गुलामांचा कडक कायदा.

हा फरारी गुलामांचा कायदा एवढा का गाजला?

कारण या कायद्याने गुलामगिरी उत्तरेच्या दारात आणून उभी केली. तोवर बोस्टनच्या दुकानदाराला ती दूरची गोष्ट होती. आता मालकाचा माणूस आला की फरारी पकडायला स्थानिक नागरिकांना मदत करावी लागणार होती, नकार दिला किंवा लपवलं तर दंड आणि तुरुंग. पकडलेल्या माणसाला ज्यूरी नाही आणि स्वतःची साक्ष देण्याची मुभा नाही. निकाल देणाऱ्या आयुक्ताची फी तर पाहण्यासारखी होती: माणूस मालकाच्या ताब्यात दिला तर दहा डॉलर, सोडला तर पाच. कागदपत्रं जास्त लिहावी लागतात, असं त्याचं कारण देण्यात आलं.

मे १८५४ मध्ये बोस्टनमध्ये अँथनी बर्न्स हा तरुण पकडला गेला. व्हर्जिनियातून जहाजाने पळून आला होता, कापडाच्या दुकानात कामाला होता. त्याला सोडवायला जमावाने न्यायालयाच्या इमारतीवर हल्ला केला, त्यात एक पहारेकरी मेला. निकाल मालकाच्या बाजूने लागला. २ जूनला बर्न्सला बंदरावर नेलं तेव्हा रस्ता मोकळा ठेवायला सैन्य आणि तोफ लागली, दुतर्फा हजारो लोक उभे, दुकानांवर काळी कापडं, आणि एका ठिकाणी वर टांगलेली शवपेटी, तिच्यावर अक्षरं: 'स्वातंत्र्य'. एका माणसाला परत पाठवायला सरकारने हजारो डॉलर खर्च केले. आदल्या दिवसापर्यंत तडजोडीच्या गोष्टी करणारे बोस्टनचे शेठ-सावकार त्या दिवसानंतर बदलले. पुढच्या वर्षी बोस्टनच्याच लोकांनी पैसे जमवून बर्न्सला विकत घेतलं आणि मोकळं केलं.

दक्षिणेला यातून काय दिसलं? घटनेत लिहिलेला, काँग्रेसने मंजूर केलेला हक्क बजावायला सैन्य लागतं. दोन्हीकडच्यांचा विश्वास एकाच प्रसंगाने उडाला.

कॅन्ससमध्ये नेमकं काय घडलं?

१८५४ मध्ये इलिनॉयचा सिनेटर स्टीफन डग्लस याने कॅन्सस-नेब्रास्का कायदा आणला. गुलामगिरी हवी की नको ते तिथले रहिवासी ठरवतील, असा त्याचा मथितार्थ. ऐकायला लोकशाहीचा मामला, पण यात १८२० ची रेषा रद्द झाली. शिवाय 'तिथले रहिवासी' म्हणजे कोण हे कायद्याला ठाऊक नव्हतं. मग दोन्हीकडून माणसं पाठवायची शर्यत लागली. मार्च १८५५ मधल्या विधिमंडळाच्या निवडणुकीत पात्र मतदार तीन हजारांच्या आत होते आणि मतं पडली सहा हजारांच्या वर. शेजारच्या मिसुरीतून टोळ्यांनी लोक आले, मतं टाकून घरी गेले. त्या मतांतून निवडून आलेल्या विधिमंडळाने कायदा केला की गुलाम बाळगण्याचा हक्क नाकारणारं बोलणं किंवा छापणं हाही गुन्हा. विरोधकांनी आपलं वेगळं सरकार थाटलं. एका प्रदेशात दोन सरकारं आणि दोघांकडे बंदुका.

मे १८५६ चा तिसरा आठवडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. २१ तारखेला गुलामगिरीच्या बाजूच्या टोळीने लॉरेन्स गाव लुटलं. २२ तारखेला, दीड हजार किलोमीटर दूर, वॉशिंग्टनच्या सिनेट सभागृहात मॅसेच्युसेट्सचा चार्ल्स समनर आपल्या बाकावर बसून पत्रं लिहीत होता. दोन दिवस त्याने कॅन्ससवर जहरी भाषण केलं होतं आणि साउथ कॅरोलिनाच्या सिनेटर बटलरची टर उडवली होती. बटलरच्या नात्यातला प्रतिनिधी प्रेस्टन ब्रुक्स आला आणि हातातल्या काठीने समनरच्या डोक्यावर घाव घालत सुटला. बाक जमिनीला ठोकलेलं होतं. समनरने उठण्याच्या धडपडीत ते उपटून काढलं आणि रक्तबंबाळ होऊन पडला. काठी मोडली तरी ब्रुक्स थांबला नाही. त्यानंतर २४ तारखेच्या रात्री कॅन्ससमध्ये जॉन ब्राउन या गुलामगिरीच्या कट्टर विरोधकाने आपली मुलं आणि साथीदार घेऊन पोटावाटोमी खाडीजवळच्या पाच जणांना घराबाहेर काढून तलवारींनी कापलं.

मला यातलं सर्वांत सूचक वाटतं ते ब्रुक्सचं पुढे झालं ते. त्याला तीनशे डॉलर दंड झाला. प्रतिनिधीगृहातून काढून टाकायला दोन-तृतीयांश मतं मिळाली नाहीत. त्याने राजीनामा दिला आणि मतदारांनी त्यालाच परत निवडून पाठवलं. दक्षिणेतून लोकांनी त्याला नव्या काठ्या भेट पाठवल्या. उत्तरेत समनर हुतात्म्यासारखा झाला. तो पूर्ण बरा होऊन परतेपर्यंत तीनेक वर्षं गेली, आणि मॅसेच्युसेट्सने त्याची जागा तशीच राखून ठेवली. एका बाजूची मारहाण दुसऱ्या बाजूला मर्दुमकी वाटू लागली की संसदेत बोलण्यासारखं फारसं उरत नाही.

ड्रेड स्कॉट खटला काय होता?

ड्रेड स्कॉट हा एका लष्करी डॉक्टरचा गुलाम. मालकाबरोबर तो इलिनॉय आणि विस्कॉन्सिन प्रदेशात, म्हणजे गुलामगिरी नसलेल्या भागात, काही वर्षं राहिला होता. त्या आधारावर स्वातंत्र्य मागणारा दावा त्याने १८४६ मध्ये सेंट लुइसला लावला. ६ मार्च १८५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. मुख्य न्यायाधीश रॉजर टॅनी याने नुसता दावा फेटाळला नाही. कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, आणि काँग्रेसला नव्या प्रदेशांत गुलामगिरीवर बंदी घालता येत नाही, असं त्याने ठरवलं. प्रश्न एकदाचा मिटवावा असा हेतू. झालं उलटं. बंदी घालताच येत नाही म्हटल्यावर तडजोड करायची तरी कशावर? नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू न देणं, हे नव्या रिपब्लिकन पक्षाचं मुख्य ध्येयच घटनाबाह्य ठरलं.

निकालानंतर काही महिन्यांतच स्कॉटला मुक्ती मिळाली. पुढच्या वर्षी तो वारला.

प्रादेशिक मतभेद कुठे नसतात? इथे प्रकरण युद्धापर्यंत का गेलं?

माझ्या मते हाच मुख्य प्रश्न. मतभेद १७८७ पासूनच होते. त्यानंतर दोन्ही प्रदेशांना बांधून ठेवणाऱ्या संस्था एकामागून एक तुटल्या.

पहिल्यांदा चर्च. मेथडिस्ट १८४४ मध्ये फुटले: एका बिशपकडे बायकोच्या वारशाने गुलाम आले होते, तो पदावर राहू शकतो का, यावरून. बाप्टिस्ट १८४५ मध्ये. त्या काळी सामान्य अमेरिकन माणसाचा दूरच्या राज्यातल्या माणसाशी संबंध यायचा तो बहुतेक चर्चमधूनच. टपाल तर आधीच नासलं होतं. १८३५ मध्ये चार्ल्सटनला टपालातून आलेली गुलामगिरीविरोधी पत्रकं जमावाने टपालघरातून काढून जाळली, आणि केंद्रातल्या टपालप्रमुखाने काणाडोळा केला. काँग्रेसमध्ये १८३६ पासून गुलामगिरीविरोधी अर्ज वाचायचेच नाहीत असा नियम होता. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स याने आठ वर्षं झुंजून तो १८४४ मध्ये उठवला.

मग पक्ष. व्हिग हा तोवरच्या दोन मोठ्या पक्षांपैकी एक, तो कॅन्सस कायद्यानंतर नामशेष झाला. त्याच्या जागी आलेल्या रिपब्लिकन पक्षाला दक्षिणेत पाय ठेवायला जागा नव्हती. न्यायालयाची पत ड्रेड स्कॉटने घालवली. उरला होता फक्त डेमोक्रॅटिक पक्ष, तो एप्रिल १८६० मध्ये चार्ल्सटनच्या अधिवेशनात फुटला आणि दोन उमेदवार उभे राहिले. आता कुणालाही दुसऱ्या प्रदेशातल्या मतांची गरज नव्हती. नमतं घेऊन फायदा कुणाचाच नव्हता, ताणून धरण्यात मात्र होता.

जॉन ब्राउन वेडा होता का?

वेडा म्हणून त्याला बाजूला सारणं सोपं आहे. ऑक्टोबर १८५९ मध्ये एकवीस साथीदार घेऊन त्याने व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर हल्ला केला. गुलामांना हत्यारं देऊन उठाव करायचा बेत होता. तो फसला. रॉबर्ट ली (हाच पुढे दक्षिणेचा सेनापती झाला) याच्या हाताखालच्या सैनिकांनी त्याला पकडलं, आणि २ डिसेंबरला व्हर्जिनिया राज्याने त्याला फाशी दिलं. बेत कच्चा होता, पण गुलामगिरी रक्तपाताशिवाय जाणार नाही हे त्याचं भाकीत खरं ठरलं. दक्षिणेला हल्ल्यापेक्षा हादरवलं ते उत्तरेकडच्या काही गावांत त्याच्या फाशीला वाजलेल्या चर्चच्या घंटांनी.

लिंकन गुलामगिरी बंद करणार असं म्हणत नव्हता. मग तो निवडून येताच राज्यं का फुटली?

खरं आहे. जिथे गुलामगिरी आहे तिथे हात लावणार नाही, असं तो युद्ध सुरू होईपर्यंत सांगत होता. पण पसरू देणार नाही, हेही. नोव्हेंबर १८६० मध्ये रिपब्लिकन उमेदवार म्हणून त्याला चाळीस टक्क्यांहून थोडी कमी मतं मिळाली, आणि दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत त्याच्या नावाची मतपत्रिकाच नव्हती. तरीही ३०३ पैकी १८० निर्वाचक मतं (राज्यांच्या वाट्याची, अध्यक्ष ठरवणारी मतं) घेऊन तो जिंकला. दक्षिणेला संदेश मिळाला: यापुढे आमच्याशिवाय देशाचं सरकार बनू शकतं. शिवाय नवा अध्यक्ष दक्षिणेत टपालप्रमुख, न्यायाधीश नेमणार, त्यातून उद्या गरीब गोऱ्यांत त्याचा पक्ष उभा राहणार. ही भीती उघड बोलून दाखवली जात होती.

साउथ कॅरोलिना २० डिसेंबरला बाहेर पडली. १ फेब्रुवारी १८६१ पर्यंत खालची सातही कापूसराज्यं गेली. १२ एप्रिलला चार्ल्सटनच्या बंदरात केंद्राच्या ताब्यातल्या समटर किल्ल्यावर दक्षिणेने तोफा डागल्या. लिंकनने पंचाहत्तर हजार स्वयंसेवक मागवले, आणि त्यावर व्हर्जिनियासह आणखी चार राज्यं तिकडे गेली. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी, मिसुरी ही गुलामगिरी असलेली राज्यं मात्र संघराज्यातच राहिली.

जकातीवरून युद्ध झालं असंही वाचलंय.

१८३२ मध्ये जकातीवरून साउथ कॅरोलिना खरोखरच अडून बसली होती. पण १८५७ ची जकात कित्येक दशकांतली सर्वांत कमी होती, आणि तिला दक्षिणेचा पाठिंबा होता. वाढीव जकातीचा कायदा मार्च १८६१ मध्ये झाला, तोही कापूसराज्यांचे सिनेटर सभागृह सोडून गेल्यामुळे.

पैसे देऊन गुलाम सोडवता आले नसते का? इंग्रजांनी तसंच केलं ना?

इंग्लंडने १८३३ मध्ये वसाहतींतली गुलामगिरी रद्द करताना मालकांना दोन कोटी पौंड भरपाई दिली. गुलामांना दमडी नाही. पण तिथले मालक समुद्रापार होते आणि पार्लमेंट लंडनमध्ये. अमेरिकेत मालकच पार्लमेंटात बसलेले. लिंकनने छोट्याशा डेलावेअरपुढे, जिथे दोन हजारही गुलाम नव्हते, भरपाईची योजना ठेवली, ती त्यांनी धुडकावली. वॉशिंग्टन शहरात मात्र एप्रिल १८६२ मध्ये माणशी जास्तीत जास्त तीनशे डॉलर देऊन मुक्ती झाली.

शेवटच्या घटकेलाही खटपटी झाल्या. आहे तिथली गुलामगिरी केंद्राला कधीच हात लावता येणार नाही, अशी घटनादुरुस्ती मार्च १८६१ मध्ये काँग्रेसने मंजूरही केली होती. फुटलेलं एकही राज्य तेवढ्यावर परत आलं नाही.

गुलामांनी स्वतः काय केलं?

पुष्कळ केलं, आणि पाठ्यपुस्तकांत ते थोडक्यात उरकतात. पळून जाणाऱ्यांनीच तर फरारी कायद्याचा प्रश्न पेटवला. १८३८ मध्ये मेरीलँडमधून निसटलेला फ्रेडरिक डग्लस देशातला सर्वांत दमदार वक्ता झाला. युद्ध सुरू होऊन महिनाभर झाला असेल, मे १८६१ मध्ये तीन गुलाम रात्री नावेतून व्हर्जिनियातल्या, पण उत्तरेच्या ताब्यात असलेल्या मन्रो किल्ल्यावर आले. दक्षिणेच्या सैन्यासाठी तोफांचे मोर्चे बांधायला त्यांना जुंपलं होतं. मालकाचा अधिकारी त्यांना मागायला आला, फरारी कायद्याचा हवाला देत. जनरल बटलर (समनरने ज्याची टर उडवली तो नव्हे) म्हणाला, तुम्ही स्वतःला परका देश म्हणवता ना, मग आमचा कायदा तुम्हाला कशाला लागू? ते शत्रूचा जप्त माल म्हणून ठेवून घेतले. बातमी पसरली आणि हजारो लोक किल्ल्यांकडे चालू लागले. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा यायला अजून दीड वर्ष होतं. पुढे सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय उत्तरेच्या सैन्यात लढले.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध?

थेट. कापूस अडवून धरला की इंग्लंड नाक मुठीत धरून आपल्या बाजूला येईल, असा दक्षिणेचा हिशोब होता. इंग्लंडकडे आधीचा साठा होता, आणि मग ते हिंदुस्थान आणि इजिप्तकडे वळलं. वऱ्हाड, खानदेश, धारवाड, गुजरात इथला कापूस मुंबईच्या बंदरात सोन्याच्या भावाने जाऊ लागला. गाद्या उसवून त्यातला कापूस विकल्याच्या गोष्टी सांगितल्या जातात. मुंबईत बँका आणि कंपन्यांचं पेव फुटलं, बॅक बेचा समुद्र बुजवायच्या कंपनीचे शेअर डोळे मिटून घेतले गेले, आणि प्रेमचंद रायचंद हे नाव बाजारात राजासारखं चालू लागलं. एप्रिल १८६५ मध्ये लीने शरणागती पत्करली, भाव कोसळले, १ जुलैला वायद्यांचे पैसे भरायची वेळ आली आणि बाजार झोपला. बँक ऑफ बॉम्बेही त्यात बुडाली. खेड्यांत तेजीच्या भावावर बेतलेला सारा आणि सावकाराचं कर्ज मागे राहिलं. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, त्याची मुळं शोधताना अमेरिकेपर्यंत जावं लागतं.

दुसरा धागा जोतीराव फुल्यांचा. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केलं, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त केली. उत्तरेचं चित्र त्यांनी जरा उजळ रंगवलं, हे वर इलिनॉयबद्दल वाचलेल्यांना कळेल. पण युद्ध कशावरून झालं, याबद्दल पुण्यात बसून त्यांची गफलत झाली नव्हती.

युद्धाने प्रश्न सुटला का?

गुलामगिरी सुटली. सहा लाखांहून जास्त सैनिक मेले, काही अभ्यासकांच्या मते साडेसात लाख. डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती लागू झाली, पाठोपाठ नागरिकत्वाची चौदावी आणि मतदानाची पंधरावी. १८७७ मध्ये केंद्राने दक्षिणेतल्या सरकारांच्या पाठीशी उभं केलेलं सैन्य मागे घेतलं. त्यानंतर मतदानाचा हक्क कागदावर राहिला आणि वेगळ्या शाळा, वेगळे डबे, जमावाकडून फाशी हे सुरू झालं, ते जवळजवळ नव्वद वर्षं चाललं. मिसिसिपीच्या विधिमंडळाने तेराव्या दुरुस्तीला संमती दिली १९९५ मध्ये, आणि तिचा कागद वॉशिंग्टनला रीतसर दाखल झाला २०१३ मध्ये.